मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेवरची टेलिफिल्म : पार्श्वभूमी

शाळकरी मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेवरची टेलिफिल्म हा प्रकार रुजला तो मुख्यतः खर्चाच्या गणितामुळे. अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीने 1964 मध्ये खास टीव्हीसाठी केलेला चित्रपट दाखवला. 1969 पासून एबीसी ही दुसरी वाहिनी दर आठवड्याला दीड तासाच्या वेळेत असे चित्रपट देऊ लागली. जाहिराती वगळून सव्वा तास उरायचा आणि चित्रीकरण दोन आठवड्यांच्या आसपास उरकावं लागायचं. स्पीलबर्गचा 'ड्युएल' (1971) दोन गाड्या आणि हमरस्ता एवढ्यावर सुमारे 13 दिवसांत झाला. या मापात स्पर्धेची कथा चपखल बसते : एक शाळा, एक सभागृह, जवळ येणारी तारीख आणि अंतिम फेरीचा आयता शेवट.

डिस्ने चॅनलने हे माप किशोरवयीनांसाठी पक्कं केलं. 20 जानेवारी 2006 ला आलेल्या 'हायस्कूल म्युझिकल'चा खर्च सुमारे 42 लाख डॉलर होता. हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. सॉल्ट लेक सिटीतल्या खऱ्या शाळेत साधारण 24 दिवसांत काम संपलं आणि पहिल्याच प्रक्षेपणाला 77 लाख प्रेक्षक मिळाले. त्यातली एक अडचण इथल्या, म्हणजे इंदुरातल्या मराठी मंडळींनी आवर्जून लक्षात घ्यावी. गाणी नायक ठरण्याआधी लिहिली गेली, त्याच्या आवाजाला ती उंच पडली, म्हणून बऱ्याच ठिकाणी ड्र्यू सीली या दुसऱ्या गायकाचा आवाज वापरावा लागला. आधी मूल निवडा, त्याची पट्टी बघा, मगच चाल बांधा.

आपल्याकडे स्पर्धेची परंपरा टीव्हीच्या आधीची. महेंद्र कपूर 1957च्या सुमारास मेट्रो-मर्फी या गाण्याच्या स्पर्धेतून पुढे आले. झी टीव्हीवर 1995 ला 'सा रे ग म' सुरू झालं आणि 2008-09च्या मराठी 'लिटिल चॅम्प्स'ने तर घराघरातला कान तयार केला. आता अंतिम फेरीतलं मूल बेसूर असेल, तर पटकथा कितीही चांगली असो, मराठी प्रेक्षक विश्वास ठेवत नाही.

इंदुरात हा कान आणखी तिखट. लताबाईंचा जन्म इथला (28 सप्टेंबर 1929), अमीर खाँसाहेबांचं घराणं याच शहराच्या नावाने ओळखलं जातं. मध्य प्रदेश सरकारने 1984 मध्ये सुरू केलेला लता मंगेशकर सन्मानही इथेच दिला जातो. म्हणून पैसा वाचवायचा तो कपड्यांत आणि सेटवर. गाण्यांवर हात आखडू नये. तीन गाणी पुरतात, पण ती चित्रीकरणाआधी नीट ध्वनिमुद्रित हवीत.

नेमकं बिनसतं कुठे? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो. जूनमध्ये गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि दिवाळीच्या सुटीत चित्रीकरण ठेवलं, तर संवाद एका आवाजात आणि गाणं दुसऱ्याच आवाजात येतं. दोन्हींत महिन्याभराहून जास्त अंतर नको. प्लेबॅक, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी वाजवायचं ध्वनिमुद्रित गाणं, वायरच्या स्पीकरवरच लावा. ब्लूटूथमध्ये सेकंदाच्या एखाद-दोन दशांशांचा उशीर होतो, कधी कमी कधी जास्त, त्यामुळे संकलनात प्रत्येक शॉटचे ओठ वेगळे जुळवत बसावं लागतं. ट्रॅकच्या आधी चार मात्रांचे ठोके ठेवा, म्हणजे सगळी मुलं एकदम उचलतात. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा कॅमेऱ्यावर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर ठेवावं. 1/60 ठेवल्यास स्टेजचे स्वस्त दिवे पडद्यावर लुकलुकतात.

चारशे खुर्च्यांचं सभागृह भरायला चारशे माणसं लागत नाहीत. साठ जणांना तीन ठिकाणी हलवून, लांब पल्ल्याच्या (टेलिफोटो) लेन्सने घेतलं की गर्दी दिसते. पण हे शॉट सकाळी पहिल्या दोन तासांत घ्या. जेवणानंतर निम्मी मंडळी घरी गेलेली असतात. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूला अनंत चतुर्दशीच्या आसपास बाहेरचं काम ठेवू नका. गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले फिरते देखावे) निघतात तेव्हा दृश्य देखणं मिळतं, संवाद मात्र ऐकू येत नाहीत.

जुनं लोकप्रिय गाणं मुलाने स्वतः गायलं तरी हक्काचा प्रश्न सुटत नाही. गीत आणि चालीवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, त्यासाठी लेखी परवानगी लागते. तुकोबांचा अभंग आणि स्वतःची नवी चाल हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग, आणि आमच्या मते सुंदरही.

कलाकार 14 वर्षांखालचे असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अनिवार्य आहे. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मानधनातला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा असतो. ही रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर धरावी.