व्हॅलग्रिंड जुन्या सिस्टिमवर का अडतं?

अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कॅमेऱ्याने जॉब, म्हणजे बनवलेले भाग, तपासणारा पीसी आहे. सोमवारी चालू केला की आठवडा संपेपर्यंत त्याची रॅम भरत जाते आणि तो हँग होतो. रीस्टार्ट केला की पुन्हा ताजातवाना. हे मेमरी लीकचं लक्षण: प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो, पण काम झाल्यावर परत करत नाही.

ही गळती शोधायला लिनक्सवर व्हॅलग्रिंड नावाचं साधन आहे. ज्युलियन सीवर्ड यांनी ते 2002 मध्ये खुलं केलं. ते प्रोग्रॅमची एकही सूचना थेट प्रोसेसरकडे जाऊ देत नाही. आधी ती स्वतः वाचतं, तिच्याभोवती तपासण्या घालतं आणि मगच चालवतं. मेमरीतल्या प्रत्येक बाइटची नोंद असते: ही जागा वापरायची परवानगी आहे का? आणि प्रत्येक बिटची: इथे खरोखर काही भरलंय का? एवढी चोपडी सांभाळायची म्हणजे वेळ जाणारच. प्रोग्रॅम 20 ते 30 पट सावकाश चालतो.

थोडक्यात, व्हॅलग्रिंड प्रोसेसरच्या जागी जाऊन बसतं. म्हणूनच त्याला प्रोसेसरच्या सगळ्या सूचना, कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) कॉल, सी भाषेची मूळ लायब्ररी आणि डीबग माहितीची (कुठली सूचना कोडच्या कुठल्या ओळीतून आली या नोंदीची) मांडणी असं सगळं माहीत असावं लागतं. यातलं एक जरी त्याच्यापेक्षा नवं निघालं, की ते अडतं.

या पीसीवर नेमकं तेच होतं. सिस्टिम सेंटओएस 7 हे लिनक्स, म्हणजे 2014 ची. तिचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला. तिच्यासोबतचं व्हॅलग्रिंड 3.15. मदरबोर्ड मात्र जळाल्यामुळे प्रोसेसरसकट नवा बसवलेला, आणि प्रोग्रॅम कुणीतरी हौसेने जीसीसी 11 या कंपायलरने (कोडवरून प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाने) बांधलेला. जीसीसीच्या या आवृत्तीपासून डीबग माहिती आपोआप ड्वार्फ 5 पद्धतीने लिहिली जाते, आणि ती वाचायची सोय व्हॅलग्रिंडमध्ये 3.17 पासून आली. त्यामुळे पहिली तक्रार: ओळ क्रमांकच मिळत नव्हते. इलाज सोपा: कंपायलरला ड्वार्फ 4 लिहायला सांगायचं.

दुसरी तक्रार जास्त घाबरवणारी. ‘ही सूचना मला ओळखता येत नाही’ असं सांगून प्रोग्रॅम जागीच कोसळला. अशा वेळी रॅम खराब आहे म्हणून ती बदलायला धावणारे बरेच असतात. रॅमचा इथे काही संबंध नव्हता. ‘याच प्रोसेसरसाठी बनव’ असा पर्याय देऊन प्रोग्रॅम बांधला होता, म्हणून कंपायलरने एव्हीएक्स-512 च्या, म्हणजे काही नव्या प्रोसेसरांतच असलेल्या, सूचना वापरल्या, आणि त्या व्हॅलग्रिंडला येत नाहीत. तपासणीपुरता तो पर्याय काढून साधा 64 बिटचा प्रोग्रॅम पुन्हा बांधला की झालं.

‘मग सिस्टिमच अपग्रेड करा ना’ हा सल्ला मला पटत नाही. कॅमेरा कार्डाचा ड्रायव्हर या जुन्या कर्नलसाठीच बनलेला असेल तर लाइन बंद पडेल. नवं व्हॅलग्रिंड सोर्सवरून वेगळ्या फोल्डरमध्ये बांधून वापरता येतं, मूळ सिस्टिमला धक्का न लावता.

उरला वेग. 20 पट सावकाश चालणारा प्रोग्रॅम कॅमेऱ्याच्या गतीला पुरत नाही, फ्रेम गळतात. तेव्हा चालू लाइनवर हा प्रयोग नको. साठवून ठेवलेले फोटो एकामागून एक द्यावेत.

शेवटच्या अहवालात ‘डेफिनेटली लॉस्ट’ या रकान्याकडे आधी बघायचं. प्रोग्रॅम संपताना व्हॅलग्रिंड मेमरी धुंडाळतं. ज्या तुकड्याकडे नेणारा एकही पत्ता उरला नाही, तो तिथे जातो. इथे प्रत्येक हरवलेला तुकडा 13,10,720 बाइटचा निघाला, म्हणजे 1280 गुणिले 1024, बरोबर एक काळा-पांढरा फ्रेम. जॉब पास झाला की फ्रेम परत केला जात होता. रिजेक्ट झाला की फंक्शन मधूनच बाहेर पडत होतं, परत करायची ओळ त्याच्या खाली. पीसीची रॅम 8 जीबी. सहा हजारांच्या आसपास रिजेक्ट झाले की ती जवळजवळ संपते. कास्टिंगचा लॉट खराब आला की पीसी बुधवारीच का हँग होतो, तेही यातून कळलं.