रॅम वाढवूनही ‘आउट ऑफ मेमरी’ का?

सोलापुरातल्या एका कॉलेजचा विद्यार्थी परवा वैतागून घरी आला. विहिरींच्या नोंदींवरून बेसॉल्टखालच्या पाण्याचं त्रिमितीय चित्र काढायचं होतं. लॅबमध्ये ३२ बिटांची विंडोज एक्सपी. दुकानात सांगितलं, “रॅम वाढवा.” २ जीबीची ४ केली, तरी पडद्यावर ‘आउट ऑफ मेमरी’च.

इथे रॅम कमी नाही, पत्ते कमी आहेत. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ घरांत, पत्ते होतात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ जीबीपुरते. त्यातले निम्मे विंडोज स्वतःकडे ठेवते. प्रोग्रामला उरतात २ जीबी, रॅम कितीही बसवा.

आता खरी गंमत. हे २ जीबीसुद्धा सलग मिळत नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदान आठवा. खेळण्यांची, भांड्यांची दुकानं आधीच थाटलेली. मधल्या मोकळ्या जागा जोडल्या तर आकाशपाळणा सहज मावेल, पण पाळण्याला जागा एकाच ठिकाणी हवी. प्रोग्रामच्या पत्त्यांतही डीएलएल फाइली, म्हणजे प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे गठ्ठे, अशाच मध्ये मध्ये बसतात. त्यांना सरकवता येत नाही, कारण त्यांचे पत्ते प्रोग्रामने ठिकठिकाणी टिपून ठेवलेले असतात.

आणि चित्राला लागतो पाळणाच. ५१२ × ५१२ × ५१२ बिंदूंची जाळी, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे ५१२ एमबीचा एक अखंड तुकडा. छायाप्रकाशासाठी प्रत्येक बिंदूपाशी उताराची दिशा काढायची तर आणखी तीन आकडे, म्हणजे वर १.५ जीबी. झाले २ जीबी, अजून प्रोग्राम स्वतः बसायचाच आहे! विंडोज सुरू होताना वाचते त्या बूट.आयएनआय फाइलमध्ये ‘/३जीबी’ लिहिलं की प्रोग्रामला ३ जीबी मिळू शकतात, पण त्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ची, म्हणजे ‘मला २ जीबीपुढचे पत्तेही चालतात’ अशी, खूण असेल तरच.

‘रॅम बूस्टर’ म्हणून जे विकतात त्याच्या नादी कृपा करून लागू नका. ते रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलतं, पत्ता एकही वाढवत नाही.

६४ बिटांचा संगणक आणि ६४ बिटांचं सॉफ्टवेअर हाच पक्का इलाज. तोवर आम्ही जाळी २५६ वर आणली. तिन्ही बाजू निम्म्या, त्यामुळे मेमरी आठपट कमी, ५१२ ऐवजी ६४ एमबी. थोड्याच वेळात पाण्याच्या पातळीचा निळा पृष्ठभाग पडद्यावर उमटला. कडा जरा ओबडधोबड होत्या, पण उतार कुठे जातो ते स्पष्ट दिसत होतं.