अवजड बांधकाम यंत्रांची वाहतूक (नाशिक परिसर)

अवजड बांधकाम यंत्रांची वाहतूक : खोदयंत्र, बुलडोझर, रोलर, ग्रेडर, पेव्हर, पाइलिंग रिग यांसारखी यंत्रे एका कामावरून दुसऱ्या कामावर सुखरूप नेण्याची पद्धत. पोलादी पट्ट्यांवर किंवा ड्रमवर चालणारी यंत्रे ट्रेलरवर चढवून न्यावी लागतात, तर टायरवर चालणारी काही यंत्रे थोडे अंतर स्वतः रस्त्याने जातात. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीचे घाट, गोदाकाठची काळी जमीन आणि अंबड-सातपूर-सिन्नरच्या औद्योगिक वसाहती जवळजवळ आहेत. त्यामुळे एकाच यंत्राला एका हंगामात अगदी वेगवेगळ्या रस्त्यांवरून जावे लागते.

नावे व व्युत्पत्ती : पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला मराठीत सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. पोकलँड, पोकलेंड, पोकलॅण्ड ही रूपेही भाड्याच्या फलकांवर दिसतात. ‘लँड’ म्हणजे जमीन, म्हणून जमीन पोखरणारे ते पोकलँड, अशी फोड काही जण करतात. ती लोकव्युत्पत्ती दिसते. फ्रान्समधील पोकलेन या कंपनीच्या नावावरून हा शब्द आला, हे मत अधिक ग्राह्य आहे. जॉर्ज बाताय यांनी स्थापलेल्या या कंपनीने १९५१ मध्ये टीयू हे द्रवचालित खोदयंत्र आणले. १९६० च्या दशकाच्या आरंभीचे, पूर्ण वर्तुळात फिरणारे टीवाय ४५ जगभर गेले. भारतात लार्सन अँड टुब्रोने या कंपनीच्या सहकार्याने १९७० च्या दशकात खोदयंत्रे बांधायला घेतली. बहुधा याच सुमारास धरणे व कालव्यांच्या कामांवरून हे नाव मराठीत रुळले. पुढे इतर कंपन्यांची यंत्रे आली, तरी नाव पोकलेनच राहिले. ‘लँड’ असलेली रूपे नंतरची आणि ऐकीव उच्चारावरून घडलेली मानावीत.

‘जेसीबी’चेही तसेच झाले. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरे आहेत. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या कोणत्याही पिवळ्या यंत्राला आता हे नाव चालते. ‘हायड्रा’ हे मूळचे एका क्रेनचे विक्रीनाव, पण बोलण्यात ते भार उचलून चालणाऱ्या सगळ्या लहान क्रेनांना लागते. नावांची ही चर्चा वाहतुकीच्या दृष्टीने निरुपयोगी नाही. जेसीबी म्हटल्यावर ७ ते ८ टनांचे, टायरवर चालणारे यंत्र समोर येते. पोकलेन म्हटल्यावर मात्र ‘चेनचे की टायरचे, किती टनी, बकेट लावलेले की ब्रेकर’ हे विचारल्याशिवाय ट्रेलर ठरवता येत नाही. फोनवर नुसते नाव सांगून मागवलेला अपुरा ट्रेलर आणि अरुंद रॅम्प हे यंत्र कलंडण्याचे पहिले कारण ठरते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

इतिहास : दारणा धरण (१९१६) व त्याच्या आसपासच्या काळातील कामे मुख्यतः माणसांच्या व जनावरांच्या बळावर झाली. यंत्र हलवण्याचा प्रश्न तेव्हा वाफेच्या रोलरपुरता होता, आणि तो स्वतःच पावलापावलाने जाई. १९६५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गंगापूरच्या मातीच्या धरणापर्यंत परिस्थिती पालटली होती. सखल पाट्याच्या ट्रेलरचा, म्हणजे लो-बेडचा, उगम सामान्यतः १९२० च्या दशकातील अमेरिकेत मानतात. पुढची मान सुटी होणाऱ्या प्रकाराच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वाहण्याच्या गरजेतून या वाहनांची ताकद पुष्कळ वाढली.

वाहन व चढवणी : २० ते २२ टनी खोदयंत्र वाहतुकीच्या स्थितीत साधारण ९.५ मी. लांब, २.८ ते ३ मी. रुंद व ३ मी. उंच असते. लो-बेडचा पाटा जमिनीपासून मीटरभर असला तरी एकूण उंची ४ मी.पर्यंत जाते. ओढणारी गाडी व ट्रेलर धरून सारे वजन ४५ टनांच्या आसपास भरते.

यंत्र कलंडण्याचा धोका रस्त्यापेक्षा रॅम्पवर अधिक असतो. पट्टे रॅम्पवरून पाट्यावर येताना यंत्राचा तोल क्षणभर एका कडेवर असतो, आणि त्याच वेळी चालकाने दिशा बदलली तर यंत्र बाजूला घसरते. म्हणून दिशा जमिनीवरच साधून घ्यायची, रॅम्पवर लिव्हरला हात लावून वळण द्यायचे नाही, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. बूम, म्हणजे खोदयंत्राचा लांब हात, व बकेट लावलेली असताना ती पुढे ठेवून सरळ चढावे. बूम काढलेली असेल तर यंत्र उलटे चढवावे, कारण मागचे प्रतिवजन चढाच्या बाजूला हवे. पट्ट्यांतील चिखल आधी खरवडून काढतात. ओल्या पोलादावर ओला पोलादी पट्टा जवळजवळ धरतच नाही. ट्रेलरच्या चाकांना उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, लावलेली असावी आणि खूण करणारा माणूस एकच असावा. तो रॅम्पच्या बाजूला नव्हे, तर चालकाला दिसेल असा लांब समोर उभा राहावा.

बांधणी : यंत्र पाट्यावर बसल्यावर वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावतात आणि बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवतात. सांध्यावर वळणाऱ्या रोलरला सांध्याची खीळ घालणे अत्यावश्यक आहे, नाहीतर वळणावर यंत्र मधोमध मोडल्यासारखे दुमडते. गुळगुळीत ड्रमखाली रबर किंवा लाकूड हवेच.

साखळीच्या हिशेबाचा येथे थोडा विस्तार केला पाहिजे, कारण ‘एवढे वजन आहे, ते कुठे जाते’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे. युरोपीय मानक ईएन १२१९५-१ नुसार रस्त्यावरील वाहतुकीत भार पुढे सरकवणारे बल वजनाच्या ०.८ पट, तर बाजूंना व मागे ०.५ पट धरतात. २१ टनी यंत्राला जोराचा ब्रेक लागला तर पुढे जाणारे बल १६.८ टन होते. लाकडी फळ्यांवर घर्षणांक सावधपणे ०.३ घेतला, तर घर्षण ६.३ टन रोखते. उरलेले १०.५ टन साखळ्यांनी किंवा पुढच्या अडणीने रोखायचे असतात. १० मिमी. जाडीच्या, ग्रेड ८० च्या (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) बांधणी-साखळीची क्षमता ६.३ टन असते. पण साखळी पाट्याशी ३० अंश व ट्रेलरच्या लांबीशी ४५ अंश तिरकी असेल, तर त्यातील ०.६१ इतकाच भाग पुढची हालचाल रोखण्याच्या कामी येतो. मागे ओढून धरणाऱ्या दोन साखळ्यांचे मिळून ७.७ टनच होतात. याचा अर्थ १० मिमी.च्या दोन साखळ्या पुरत नाहीत. १३ मिमी.च्या दोन साखळ्या, ज्यांची क्षमता प्रत्येकी १० टन असते, १२.२ टन देतात व भागते. साखळीच्या ताणाने वाढणारा दाब येथे धरलेला नाही. तेच यंत्र पावसात उघड्या पोलादी पाट्यावर ठेवले तर घर्षणांक ०.१ पर्यंत घसरतो आणि रोखायचे बल १४.७ टन होते. तेव्हा १३ मिमी.च्याही दोन साखळ्या अपुऱ्या पडतात आणि पट्ट्यांपुढे अडणी ठोकावी लागते. २० मीटरला १ मीटर असा उतार असल्यास त्यात आणखी सुमारे १ टन मिळवावा. नायलॉनचा दोर या हिशेबात कोठेच बसत नाही. पाच-सात किलोमीटरच्या फेरीसाठीही हेच आकडे लागू होतात, कारण ब्रेक अंतर पाहून लागत नाही. थोडेसे चालवल्यावर साखळ्या ढिल्या पडतात, म्हणून पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून टर्नबकल, म्हणजे साखळी ताणणारे आटे, पुन्हा आवळतात.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मी.पेक्षा अधिक नसावी. स्वतः रस्त्याने जाणाऱ्या बांधकाम यंत्राला ३ मी.पर्यंत सवलत आहे, मात्र २.६ मी.बाहेरचा भाग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवावा लागतो. अशा यंत्राचा रस्त्यावरील वेग ताशी ५० किमी.पेक्षा जास्त नसावा. २०१८ च्या अधिसूचनेने चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन, तीन अ‍ॅक्सलच्या गटावर २७ टन आणि जोडवाहनाचे एकूण वजन कमाल ५५ टन अशा मर्यादा आल्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ प्रमाणे २०१९ च्या सुधारणेनंतर जादा भाराला २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. भार बाजूंना, पुढे-मागे किंवा उंचीत बाहेर आल्यासही २०,००० रुपये दंड होतो. सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी असेल तर त्यातून सूट मिळते. धंद्यात अशा मापाबाहेरच्या भाराला ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात.

नाशिकमधील मार्ग : मुंबई-आग्रा महामार्ग हा मुख्य मार्ग असून त्यावर दक्षिणेला कसारा घाट व उत्तरेला चांदवडजवळचा राहूड घाट येतो. उतारावर गाडी ‘गिअरवर उतरवायची’, ब्रेकवर नाही, हा घाटाचा पाठ आहे. ज्या गिअरमध्ये ती चढली असती त्याच गिअरमध्ये, घाटमाथ्यावरच गिअर बदलून, ती खाली न्यावी. सतत दाबलेले ब्रेक तापतात, पकड सोडतात आणि ४५ टनांना मग काहीही अडवत नाही. ५ जून २०२५ रोजी खुल्या झालेल्या इगतपुरी-आमणे टप्प्यामुळे समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. त्यातील जवळजवळ ८ किमी. लांबीच्या बोगद्याने कसाऱ्याच्या वळणांना पर्याय मिळाला. पेठ रस्त्यावरील सावळघाट व कोटंबी घाट आणि सप्तशृंगी गडाचा नांदुरी घाट येथे लांब ट्रेलरची मागची चाके वळणाच्या आतल्या कडेवर येतात, म्हणून पुढे पायलट गाडी ठेवून समोरची वाहतूक थांबवावी लागते.

पुलांबाबत, भारतीय रोड काँग्रेसच्या ७०-आर भारासाठी बांधलेले पूल, ज्यांत ७० टनी पट्ट्यांचे वाहन धरलेले असते, अशा ट्रेलरला पुरेसे आहेत. गोदावरीवरील अहिल्यादेवी होळकर पूल, पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे. असे जुने पूल आणि खेड्यांतील ओढ्यांवरच्या मोऱ्या टाळाव्यात. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे पंचवटी व नदीकाठाकडे यंत्रांची ये-जा वाढली आहे. तेथील गल्ल्यांत लो-बेड जात नाही, म्हणून यंत्र मोकळ्या जागी उतरवून शेवटचा टप्पा चालवत न्यावा लागतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलमुळे लांबून आलेल्या गाड्यांना थांबायला जागा मिळते.

निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरीकडे वीजतारांचा धोका मोठा आहे. रस्ता ओलांडणाऱ्या तारांची किमान उंची कमी दाबाला ५.८ मी. व ११ हजार व्होल्टला ६.१ मी. ठरलेली आहे. द्राक्षबागांच्या शिवारात झोळ पडलेल्या तारा मात्र याहून खाली येतात. बांबूने तार उचलून ट्रेलर काढण्याची रीत दिसते. ती सर्वथा वर्ज्य मानावी. ओला बांबू वीज वाहतो, आणि तो धरणारा मुलगा बहुधा क्लीनर असतो.

स्वतः चालत जाणारी यंत्रे : जेसीबी रस्त्याने नेताना मागचा हात मधोमध दुमडून खिळीने जखडावा, पुढचे बकेट जमिनीपासून थोडेच वर ठेवावे आणि ब्रेकचे दोन पेडल एकमेकांना अडकवावेत. कामावर चिखलात वळण्यासाठी ते सुटे ठेवतात. रस्त्यावर सुटेच राहिले तर एका बाजूच्या चाकांना ब्रेक लागून यंत्र फिरते. लासलगाव भागात कांद्याच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरांची रांग असते. तेथे दिवा नसलेले मागचे बकेट मोटारसायकलस्वाराच्या छातीच्या उंचीवर येते. त्या बकेटवर लाल दिवा लावावा, झेंडी पुरत नाही.

उतरवणी : उतरवताना चढवणीचेच नियम उलट क्रमाने लागू होतात. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रेलरची एका बाजूची चाके रुतून पाटा तिरपा होतो, आणि साखळी सुटताच यंत्र त्या बाजूला सरकू लागते. म्हणून उतरवण्याची जागा आधी मुरूम टाकून दाबून घेतात आणि पाटा समतल झाल्याचे पाहूनच पहिली साखळी सोडतात.