सौर बॅटरी, घरगुती

छतावरील सौर पॅनेलची दिवसाची वीज रात्रीसाठी व पुरवठा खंडित असतानाच्या वापरासाठी साठविणारी घटमाला. नेट मीटरने (जाळ्याला दिलेली व जाळ्यातून घेतलेली वीज मोजणारे मीटर) वीजजाळ्याला जोडलेला संच बॅटरीवाचूनही चालतो. मात्र जाळ्यातील पुरवठा गेला की लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, मग ऊन कितीही असो. ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीच्या पुरात बडोद्यातील अनेक वस्त्या विजेवाचून होत्या. अशा वेळी हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी व वीजजाळे तिन्ही हाताळणारा) व बॅटरीच उपयोगी पडते. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे (२०२४) अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर ठरते. बॅटरी स्वखर्चाने घ्यावी लागते.

शिसे-आम्ल बॅटरी (गास्तों प्लांते, १८५९) सर्वपरिचित आहे. घरगुती लिथियम बॅटरीतील लिथियम लोह फॉस्फेट या द्रव्याच्या श्रेयाबद्दल मात्र वाद झाला. टेक्सस विद्यापीठातील पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांचा लेख १९९७ चा. जपानच्या एनटीटी कंपनीचा पेटंट अर्ज त्याआधीचा. कंपनीचा एक संशोधक गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत काम करून गेला होता, हे विद्यापीठाच्या दाव्याचे मूळ. दावा पुढे तडजोडीने मिटला. बहुतेक ग्रंथ श्रेय टेक्सस गटास देतात व तेच ग्राह्य दिसते. हे द्रव्य मुळात विजेचे मंद वाहक. इतर धातूंचे अंश मिसळल्याने वाहकता वाढते, असे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या गटाने मांडले. इतरांनी ती वाढ कार्बन वा लोह फॉस्फाइडाच्या सूक्ष्म जाळ्याची ठरवली. उत्पादनात कार्बनचा लेप रूढ झाला, हे दुसऱ्या मताला पोषक आहे.

क्षमता ठरविताना रात्रीचा वापर युनिटांत मोजतात. दीड युनिट वापर व इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून सुमारे पावणेदोन युनिटे लागतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन (एकूण ३.६ युनिटे) घ्याव्या लागतात. लिथियमची २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक पुरते. लेबलवर सी-१० आहे की सी-२० हे पाहणे महत्त्वाचे: पहिली क्षमता दहा तासांत, दुसरी वीस तासांत बॅटरी रिकामी करून मोजलेली असते. त्यामुळे सी-२० चे १५० हे सी-१० च्या १५० पेक्षा कमीच.

बॅटरी गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. तापमान दर १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि बडोद्याचा मे चाळिशी ओलांडतो. जिन्याखालची जागा थंड खरी, पण नदीकाठच्या सखल वस्त्यांत तीच आधी बुडते. वरच्या मजल्यावर न्यावी तर ट्यूब्युलर (नळीदार पट्ट्यांची शिसे-आम्ल) बॅटरी आम्लासह ५० किलोंहून जड. दांडिया बाजारसारख्या भागातील जुन्या वाड्यांत ती लाकडी तक्तपोशीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईवर भार येईल अशी ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा हवा खेळती हवी. जुनी व नवी बॅटरी एका मालिकेत जोडू नये. फ्यूज धन टोकाशी बसवावा. लिथियमसाठी इन्व्हर्टरमधील इक्वलायझेशन (घट समान करण्यासाठी मुद्दाम केलेले जादा चार्जिंग) बंद ठेवतात.