घाटकोपरचा घ आणि सोळा ओळींचा हिशेब

एलईडी दिव्यांच्या पाटीवर इंग्रजीचं कॅपिटल अक्षर ३५ दिव्यांत बसतं. आडवे ५, उभे ७. हे दिवे चालू-बंद करण्याचे एकूण प्रकार होतात सुमारे ३,४३६ कोटी आणि त्यातून निवडायची फक्त २६ अक्षरं. चैनच म्हणायची! स्मॉल लिपीतल्या जी, पी, वायच्या शेपट्यांना तेवढी जागा पुरत नाही, पण ती अक्षरं जरा वर उचलून बसवली की भागतं.

देवनागरीचं असं भागत नाही, कारण आपलं अक्षर तीन मजली आहे. मधे अक्षराचा देह, वर वेलांटी, मात्रा, रफार नि अनुस्वार, खाली उकार. ‘दादर’ लिहिताना वरचा आणि खालचा मजला रिकामाच राहतो. ‘कुर्ला’ लिहायला घेतलं की कला उकार, र्लाला रफार, म्हणजे तिन्ही मजले भरले.

दुकानांच्या पाट्यांवर लाल अक्षरं सरकवणारं जे पॅनेल सर्रास दिसतं, त्याला धंद्यात ‘पी-टेन’ म्हणतात. दोन दिव्यांमधलं अंतर, म्हणजे ‘पिच’, १० मिलिमीटर, म्हणून पी-टेन. एका पॅनेलवर आडवे ३२ आणि उभे १६, म्हणजे ५१२ दिवे. एका पॅनेलच्या उंचीत ‘कुर्ला’ बसवायचं तर १६ ओळींची वाटणी साधारण अशी होते: वरच्या चिन्हांना ४, शिरोरेषेला १, देहाला ८, उकाराला ३. देहाच्या वाट्याला आले जेमतेम ८ सेंटिमीटर. त्याच पॅनेलवर इंग्रजी कॅपिटल अक्षर खुशाल १४ ओळी घेतं. पाटी मराठीतून इंग्रजीत पलटली की अक्षर एकदम मोठं वाटतं, ते यामुळे. यात कुणाचा भाषाद्वेष नाही, ओळीच तेवढ्या आहेत.

खरी गंमत या ८ ओळींच्या आत आहे. घ आणि ध शेजारी ठेवून पाहा. घची शिरोरेषा अखंड, तर धची डावीकडे तुटलेली, तिथे एक छोटा वळसा. कागदावर हा फरक ठसठशीत दिसतो. दिव्यांत मात्र तो शिरोरेषेतल्या एकदोन ठिपक्यांवर येऊन ठेपतो. नेमका तिथला दिवा गेला की घाटकोपरचं ‘धाटकोपर’ व्हायला वेळ लागत नाही. म आणि भ यांचंही तसंच, मुलुंडच्या लोकांनी सांभाळून राहावं. ब हा तर छळच! व-च्या पोटातली पोकळी तीन बाय तीन ठिपक्यांची, त्यात बची तिरकी रेघ पुरी काढली तर पोट भरून जातं आणि लांबून नुसता लाल गोळा दिसतो. म्हणून जाणकार आखणारा तिथे रेघ काढतच नाही, मधोमध एखादा ठिपका पेटवतो. बाकीचं वाचणारा शब्दाच्या अंदाजाने भरून घेतो.

तिरक्या रेघेची आणखी एक अडचण आहे. आडव्या-उभ्या शेजाऱ्यांमधलं अंतर १० मिलिमीटर असलं, तरी तिरक्या शेजाऱ्यांमधलं १४ भरतं. ठिपके विरळ झाले की रेघ फिकी दिसते. र-चा तिरका पाय म्हणूनच उभ्या काठ्यांच्या शेजारी अशक्त वाटतो.

कॉम्प्युटरवरचा देखणा फॉन्ट लहान करून पॅनेलवर सोडला की विचका का होतो, ते यावरून कळेल. फॉन्टमध्ये असते अक्षराची बाह्यरेषा. ती १६ ओळींत आकसली की कुठला ठिपका पेटवायचा हे सॉफ्टवेअर गणिताने ठरवतं. त्या गणिताला घ-धचं भान नसतं. या मापाचं अक्षर लहान करून मिळत नाही. चौकटींच्या कागदावर, एकेक ठिपका खोडत-भरत ते नव्याने आखावं लागतं. मराठी ल-ची तर दोन पोटं, म्हणजे रुंदीतही जास्त ठिपके हवेत.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी ‘सोळा बाय दोन’ एलसीडीवर, म्हणजे सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर, स्वतःचं नाव मराठीत उमटवायची खटपट केलेली असते. त्यातल्या नियंत्रक चिपची मूळ घडण हिताचीची आणि जुनी. प्रत्येक अक्षराला ५ बाय ८ ठिपक्यांचं स्वतंत्र घर, आणि स्वतः आखलेल्या अक्षरांना जागा फक्त आठ. त्या चिपच्या एका प्रचलित आवृत्तीत जपानीची काताकाना लिपी मात्र तयार मिळते. ती अक्षरं सुटी-सुटी, घरात चपखल बसतात. आपली शिरोरेषा दोन घरांमधल्या फटीत दर वेळी तुटते आणि त्यावर इलाज नाही. ९ सुयांनी कागदावर ठिपके उमटवणाऱ्या जुन्या प्रिंटरवरही हाच पेच होता: एका फेरीत ९ ओळी, त्यात तीन मजले मावेनात. मग प्रिंटरला चित्र म्हणून मजकूर द्यायचा आणि एकाच ओळीसाठी सुयांचं डोकं दोनदा-तीनदा फिरवायचं.

पाटी कुठून वाचली जाणार, हेही आखणाऱ्याला धरावं लागतं. निरोगी डोळा एका अंशाच्या कोनाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. या हिशेबाने १० मिलिमीटरवरचे ठिपके सुमारे ३४ मीटरपलीकडे एकमेकांत मिसळतात. त्याच्या आत ते सुटे दिसतात आणि रेघ मनानेच जोडावी लागते. रात्री वेगळीच तऱ्हा: काळोखात प्रखर दिव्याभोवती प्रभा पसरते, पोकळ्या बुजतात, ब-व एक होतात. अशा वेळी पाटी जास्त उजळ करून उपयोग नाही, उजेड कमी केला की अक्षर सुटं होतं. दिव्यांमधलं अंतर निम्मं केलं तर तेवढ्याच उंचीत ३२ ओळी मिळतात आणि घ-ध दोघंही सुखाने नांदतात. फक्त ५१२ दिव्यांच्या जागी २,०४८ लावावे लागतात, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तेवढे पैसे मोजायला सहसा तयार नसतो.