वाइन-परीक्षणाचं विडंबन

वाइनची समीक्षा ज्या भाषेत लिहितात तीच भाषा, तोच क्रम आणि तोच गंभीर चेहरा ठेवून वाइन नसलेल्या भलत्याच वस्तूचं परीक्षण करायचा विनोदी प्रकार. वस्तू कुठलीही चालते, खोकल्याचं औषध, एसटीची सीट, परवाची आमटी, पावसात भिजून अंगावरच वाळलेले मोजे. अट एकच, लिहिणाऱ्याने स्वतः हसायचं नाही. मराठीत याला ठरलेलं नाव नाही म्हणून इथे नुसतं 'वाइन-विडंबन' म्हटलंय, आणि उदाहरणं सोलापूरची आहेत कारण नोंद सोलापुरात बसून लिहिलीय.

तसा सोलापूरचा आणि वाइनचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. नान्नजच्या मळ्यांतून सोनाकासारखा वाण निघाला, पण ती खायची द्राक्षं. वाइनची द्राक्षं अकलूजकडे, तिथे फ्राटेली वाइन्सच्या बागा आणि वायनरी आहे. इटालियन भाषेत फ्राटेली म्हणजे भाऊ, आणि कंपनी खरोखरच भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढलेली, इटलीचे सेच्ची, इकडचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या मातीबद्दल खरीखुरी वाइन-परीक्षणंही लिहिली जातात. बाकी जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर जो वाद रंगला त्यात माझ्या ओळखीतले जे जे तावातावाने बोलत होते त्यातल्या निम्म्यांनी तरी वाइन तोंडाला लावलेली नव्हती. आमच्याकडे वाइनच्या आधी वाइनची भाषा पोचली म्हणा ना.

साचा : आधी ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून रंग बघतात, मग गोल फिरवून हुंगतात, मग घोट घेऊन तोंडभर खेळवतात आणि थुंकतात (हो, थुंकतात, एका बैठकीत चाळीस-पन्नास वाइन चाखायच्या तर गिळून कसं भागेल). त्यावरून लिहायचं की वासात काय काय सापडलं, अंगाने जड की हलकी, तुरटपणा किती आणि चव मागे किती वेळ रेंगाळली, या रेंगाळण्याला 'फिनिश' म्हणतात. शेवटी गुण. शंभरपैकी गुण द्यायची पद्धत जगभर गेली ती अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या 'वाइन अ‍ॅडव्होकेट'मुळे, आणि तिची गंमत अशी की मोजणी पन्नासपासूनच सुरू होते, म्हणजे बाटलीत काहीतरी द्रव आहे एवढ्यावर पन्नास मार्क घरी. विडंबनवाल्यांचा या गुणांवर फार जीव. चटणीला 91 दिले तर 92 का नाहीत हे मरेपर्यंत सांगायचं नाही.

वासांच्या शब्दांचं एक चक्रही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी 1984 मध्ये ते मांडलं. आतून बाहेर तीन वर्तुळं, आत 'फळं', 'मसाले', 'माती' असे ढोबळ गट आणि बाहेर जावं तसतसे नेमके वास. 'सुंदर', 'डौलदार' असले शब्द त्यात मुद्दाम ठेवले नाहीत, कारण त्यातून वाइन कळत नाही, लिहिणाराच कळतो. पण बाहेरच्या वर्तुळात ओलं कुत्रं आणि ओली लोकर हे दोन्ही वास अधिकृतपणे बसलेत. ओली लोकर म्हणजे आपलं पावसात भिजलेलं घोंगडं. सांगोल्याकडच्या कुठल्याही मेंढपाळाला हा वास ओळखायला विद्यापीठात जायची गरज नाही, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

उगम : इथे मतं वेगवेगळी आहेत आणि जरा खोलात जावं लागेल. बहुतेक जण बोट दाखवतात ते जेम्स थर्बर या अमेरिकन व्यंगचित्रकाराकडे. 1937 साली 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात त्याचं एक चित्र आलं, त्यात जेवणाच्या टेबलावरचा यजमान आपल्या वाइनची ओळख अशी करून देतो जशी एखाद्या साध्या घरातल्या, पण जरा आगाऊ मुलीची करून द्यावी. इव्हलिन वॉ या इंग्रज लेखकाच्या 1945 च्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' कादंबरीतही दोन पोरं पीत पीत वाइनला एकाहून एक चमत्कारिक उपमा देत सुटतात. ही दोन्ही उदाहरणं उत्तमच, पण अडचण अशी की दोन्हीकडे ग्लासात वाइन आहेच. थट्टा भाषेची आहे, वस्तू बदललेली नाही.

दुसरा एक पक्ष पार मागे जातो, स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते' कादंबरीच्या 1615 मधल्या दुसऱ्या भागापर्यंत. तिथे नायकाचा सेवक सांचो पांझा फुशारकी मारतो की आपल्या घराण्यात वाइन ओळखणारे दोन बहाद्दर होऊन गेले. पिंपातल्या वाइनबद्दल विचारल्यावर एकाने जिभेचं टोक लावून सांगितलं की लोखंडाची चव येतेय, दुसऱ्याने नुसतं नाकाशी धरून सांगितलं की चामड्याची. मालक म्हणाला माझं पिंप स्वच्छ आहे, असलं काही नाही. पुढे वाइन विकली गेली, पिंप धुवायला काढलं तर तळाशी एक छोटी किल्ली, तिला चामड्याची वादी. हीच गोष्ट डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 मध्ये अभिरुचीवरच्या निबंधात वापरली, आणि वापरताना क्रम उलटा केला, त्याच्याकडे चामडं आधी येतं आणि लोखंड नंतर. तपशील किरकोळ आहे पण ह्यूमने गोष्ट पुस्तक समोर न ठेवता आठवणीवर सांगितली असावी असं त्यावरून म्हणायला जागा आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे. ही गोष्ट चाखणाऱ्यांची टिंगल आहे की वकिली? ह्यूम तिचा उपयोग वकिलीसाठी करतो, लोक हसले पण बरोबर तेच दोघे निघाले असं सांगून. सांचोच्या तोंडून ती निव्वळ थाप वाटते. दोन्ही अर्थ एकाच गोष्टीत मावतात, आणि वाइन-विडंबनाचं बीज इथे आहे असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं या एका कारणासाठी मला वजनदार वाटतं. तरीही वाइन काढून तिच्या जागी दुसरंच काही ठेवायची पायरी बरीच अलीकडची धरावी, साधारण 1978 नंतरची. कारण वाचकाला मूळ साचा तोंडपाठ असल्याशिवाय ही गंमत लागत नाही आणि गुणांसकट तो साचा सगळीकडे पोचला तो त्यानंतरच.

मराठीत याचं मूळ शोधायचं तर संस्कृत अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती आठवते, वरून स्तुती आतून निंदा. आणि केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्र्यांचं 1920 च्या दशकातलं 'झेंडूची फुले' आहेच, ज्याने विडंबन हा शब्द मराठी माणसाच्या जिभेवर बसवला. पण केशवकुमारांच्या समोर ठरावीक कवी आणि त्यांची वळणं होती. वाइन-विडंबनात ठरावीक परीक्षण समोर नसतं, एक ढंग असतो. भारुडाशी नातं जोडणारे आहेत, मला ते पटत नाही. भारुडात विंचू चावला म्हणजे विंचवाच्या आत दुसरं काहीतरी सांगायचं असतं, इथे चटणी म्हणजे फक्त चटणी.

भाषेचा प्रश्न : बरीच मराठी वाइन-विडंबनं फसतात आणि फसायचं कारण सगळीकडे तेच, लिहिणारा इंग्रजीतला साचा उचलतो आणि 'यात ओल्या मातीच्या नोट्स आहेत, बॉडी मीडियम आहे' असं लिहून मोकळा होतो. हे वाचून कोणी हसत नाही. इंग्रजीला वास सांगायला वस्तूचं नाव घ्यावं लागतं, कुत्रा आण, लोकर आण, काडेपेटी आण. मराठीला नुसता 'ट' पुरतो. मातट, कुबट, खवट, करपट, वशट, ओशट, उबट, धुरकट, शिळकट, हिरवट. त्यात आंबूस, खमंग, खरपूस वेगळेच. खवट आणि खरपूस यात तेलाच्या वयाचा फरक आहे आणि तो दुसरीतल्या पोरालाही कळतो. त्यामुळे मराठीत जमलेलं विडंबन वाचताना एक घोळ होतो, ते विडंबन न वाटता नेमकं वर्णनच वाटायला लागतं.

नमुन्यादाखल शेंगा चटणी, उखळात कुटलेली, हा नमुना या नोंदीसाठीच तयार केलाय : 'रंग भाजक्या विटेचा, कडेला तेलाचा ओलसर काठ. नाकाशी धरताच खमंग, मागून लसूण येतो आणि बसायला जागा मागतो. जिभेवर सुरुवात सभ्य, मध्ये दाण्याची मऊ भर, मग तिखट, जे आलंय हे कळायच्या आत कानात पोचलेलं असतं. शेवट लांब, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दह्याबरोबर आत्ताच घ्यावी, कडक भाकरीबरोबर ठेवून ठेवून. 91.' यात खोटं काय आहे सांगा. शिवाय रसायनशास्त्रही चटणीच्याच बाजूने. भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासात पायराझिन नावाच्या संयुगांचा मोठा वाटा असतो, आणि काबर्ने सोव्हिन्याँ जातीच्या वाइनमध्ये जो हिरव्या ढोबळी मिरचीचा वास सांगतात तोही पायराझिनच्याच कुळातला.

नळाचं पाणी हा आमच्याकडचा सगळ्यात कसदार विषय. पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे वाइनमध्ये द्राक्षाच्या सालाला असतो तसा इथे प्रत्येक पाळीला मान आहे. 'गुरुवार, पहाटे 3. पहिल्या हंड्यात गंजाची तांबूस झाक, पाइपात मुरल्याची खूण. दुसऱ्यात क्लोरीन ठसठशीत. तिसऱ्यापासून मातट, गोलाई येते. शेवट तोकडा, बादली अर्धी असतानाच तुटतो. चार दिवस बॅरलमध्ये मुरवलेलं.' खरी गंमत या बॅरलमध्ये आहे. वाइनवाले ओकच्या लाकडी बॅरलचं कौतुक सांगतात की लाकडाचा वास वाइनला लागतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आमचं बॅरल निळं प्लास्टिकचं, पण गुण त्याचाही लागतोच. मातट वासामागे बऱ्याचदा जिओस्मिन असतं, पहिल्या पावसात काळ्या रानातून जो वास सुटतो त्यातही तेच, फक्त रानात त्याला सुगंध म्हणायचं आणि नळाला तक्रार.

चादरीचं विडंबन मात्र जमत नाही. नव्या चादरीला खळीचा कांजीसारखा वास असतो तेवढाच, पुढे चव नाही, घोट नाही, मधली पायरीच गळून जाते.

खरं आणि खोटं : विडंबनवाल्याची मोठी पंचाईत म्हणजे खरी परीक्षणंच त्याच्या पुढे असतात. जुन्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये पेट्रोलचा वास येतो असं लिहितात आणि तो टीडीएन नावाच्या संयुगाचा असतो, खराच. ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट शिरलं की घोड्याच्या पागेसारखा वास येतो आणि काही लोक त्याचे जास्त पैसे देतात. सोव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये मांजराच्या मुताचा वास सांगणं ही निंदाच असते असं नाही. याच्या वर काय कल्पना लढवणार?

उलट बाजूलाही पुरावा आहे. फ्रान्समधल्या बोर्दोला 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून दिला तर त्यांनी लाल वाइनला लावायचे शब्द लावले. रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिल्याचा अभ्यास छापला, आपल्या गुणांशी ठाम राहणारे दहातला एकच निघाला. यावरून वाइनची सगळी भाषाच थोतांड असं ठरवून मोकळं होणारे आहेत. रंग दिसला की नाक फसतं एवढंच पहिल्या प्रयोगातून कळतं, नाक नाहीच असं नाही.

आणि हे हुरड्याला बसलेल्या माणसाला पटतं. मार्गशीर्ष-पौषात आगटीभोवती बसून जे चालतं ते परीक्षणच असतं, गूळभेंडी की सुरती, कणीस कोवळं की निबर व्हायला लागलंय, गोवऱ्या वाळलेल्या होत्या की दमट. मागच्या वर्षी मोहोळकडच्या एका रानात आमच्यातल्या एकाने तळहातावर हुरडा चोळला, फुंकर मारली, नाकाशी नेला आणि डोळे मिटून सुरू झाला, 'सुरुवातीला दुधाळ, मधे हिरवट गोडी, आणि शेवटाला... शेवटाला जळक्या रबराची एक नाजूक छटा.' सगळे फिदीफिदी. रानाचे मालक काका बाजूला कणसं खुडत होते, ते आले, चार दाणे तोंडात टाकले आणि चघळत उभे राहिले. मग काठीने आगटी उसकटली. खालून ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा निघाला, अर्धा वितळलेला.

'कुणी टाकली बे ही,' काका म्हणाले, आणि पोराकडे वळून, 'आन तू काय म्हणला, अजून कशाचा वास येतोय?'