ज्वालामुखीच्या तळ्यांकाठी तंबूत मुक्काम: सोलापूरच्या पालकांसाठी अर्जाची माहिती

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मुलामुलींकडे जाणाऱ्या पालकांना पॉलिना आणि ईस्ट या सरोवरांकाठच्या शांत जंगलात तंबू ठोकून राहता येते. न्यूबेरी ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात ही दोन्ही सरोवरे आहेत. १९९० पासून हा परिसर राष्ट्रीय स्मारक असून त्याची व्यवस्था अमेरिकेची वनसेवा पाहते.

आधी व्हिसा, मग तंबू, हा क्रम मोडू नये. मुक्कामाचे आरक्षण व्हिसाच्या अर्जाला लागत नाही. पासपोर्ट नसेल तर अर्ज करून सोलापूरच्या पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी. त्यानंतर बी-१/बी-२ या पर्यटक व्हिसासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलर शुल्क भरावे लागते. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी मुंबईत दोन वेगळ्या वेळा मिळतात. त्या लागोपाठच्या दिवशी घेतल्या तर वयस्कांना सिद्धेश्वर एक्स्प्रेसची एकच फेरी पुरते. सोबत पासपोर्ट, डीएस-१६० चे पुष्टिपत्र, मुलाखतीच्या वेळेचे पत्र आणि चष्मा न लावता काढलेला दोन बाय दोन इंचांचा फोटो असावा. पेन्शनची कागदपत्रे, सातबारा, आयकर विवरणपत्र यांवरून आपण परत येणार हे दिसते, म्हणून विचारल्यास दाखवण्यासाठी तीही जवळ ठेवावीत.

तंबूच्या जागेसाठी नागरिकत्वाची अट नाही. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खाते उघडून आरक्षण करता येते, परंतु ज्याच्या नावावर ते असेल त्याने ओळखपत्रासह हजर राहणे अपेक्षित असल्याने ते तिथल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करणे मला अधिक योग्य वाटते. आरक्षण साधारणपणे सहा महिने आधी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी दहा वाजता खुले होते. जुलैतील मुक्कामासाठी जानेवारीत बसायचे, तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. रद्द केल्यास १० डॉलर कापले जातात आणि अगदी ऐनवेळी रद्द केल्यास पहिल्या रात्रीचे भाडेही जाते.

ज्येष्ठांच्या सवलतीबाबत विशेष काळजी घ्यावी. ६२ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना मिळणाऱ्या पासवर अशा ठिकाणी भाड्यात बहुधा निम्मी सूट मिळते, मात्र तो पास फक्त अमेरिकेचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच दिला जातो. व्हिसावर गेलेल्या आईवडिलांचे वय कितीही असले तरी त्यांच्या नावाने तो मागू नये.

सरोवरे सहा हजार फुटांहून उंचावर असल्याने उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा लोकरीचे कपडे न्यावेत. अस्वलांचा वावर असल्यामुळे चटणी-भाकरीसुद्धा तंबूत न ठेवता बंद गाडीत ठेवावी.